चित्रांचे दप्तरदार : हेन्री कझिन्स

महाराष्ट्राच्या इतिहासाला कागदांचे दप्तरदार थोडेथोडके मिळाले नाहींत. राजवाडे, खरे, पारसनीस, सरदेसाई यांनीं गांवोगांवचे रुमाल सोडले, वाळवीनें खाल्लेले कागद जुळविले आणि त्यांतून आमचा भूतकाळ वाचून काढला. त्यांच्या कामाची थोरवी आज कोणत्याही सुशिक्षित घरांत पटवून द्यावी लागत नाहीं. परंतु या कागदांच्या शेजारीं दुसरें एक दप्तर सुमारें एकशेंसत्तर वर्षें सांचत आलें आहे, आणि त्याच्या दप्तरदारांचीं नांवें मात्र अभ्यासकांच्या वर्तुळापलीकडे फारशीं कोणास ठाऊक नाहींत. तें दप्तर छायाचित्रांचें. सिन्नरच्या गोंदेश्वराचें, विजापूरच्या गोलघुमटाचें, सोमनाथाच्या पडक्या देवळाचें जुनें चित्र आपण पुस्तकांत पाहतों. देवळाविषयीं बोलतों, तें बांधणाराविषयीं बोलतों. पण हें चित्र कोणीं काढविलें, शेंकडों चित्रांतून हेंच कोणीं निवडलें, त्याखालीं गांवाचें नांव कोणीं लिहिलें आणि तें आजवर कोणीं जपलें, हा प्रश्न सहसा आपल्या मनांत येत नाहीं.

चित्र काढणें ही एक कला आहे. काढलेल्या चित्रांची निवड, नोंद आणि मांडणी करणें ही दुसरी. युरोपांत या दुसऱ्या कलेचा पुढें स्वतंत्र व्यवसाय झाला. बुडापेस्ट शहरीं १९०१ सालीं जन्मलेले हंगेरियन गृहस्थ स्टेफान लोरांट हे त्या व्यवसायांतील एक ठळक नांव होय. म्युनिचच्या एका सचित्र साप्ताहिकाचे ते संपादक होते; १९३३ सालीं नाझींनीं त्यांना तुरुंगांत टाकलें; सुटका झाल्यावर ते इंग्लंडांत गेले, आणि १९३८ सालीं ‘पिक्चर पोस्ट’ हें प्रसिद्ध साप्ताहिक त्यांच्या संपादकत्वाखालीं निघालें. लोरांट यांची कीर्ति स्वतः काढलेल्या चित्रांवर उभी नाहीं. दुसऱ्यांनीं काढलेल्या चित्रांपैकीं कोणतें घ्यावें, कोणतें टाकावें, आणि समोरासमोरच्या दोन पानांवर कोणतीं दोन ठेवावीं, या निवडीवर ती उभी आहे. आपल्याकडे असा माणूस शोधूं लागल्यास तो वर्तमानपत्राच्या कचेरींत नव्हे, तर पुराणवस्तु-संशोधन खात्यांत सांपडतो. आणि तोही लोरांट यांच्या जन्माच्या वीस वर्षें आधीं कामास लागलेला. त्याचें नांव हेन्री कझिन्स. त्यांच्या चरित्राचा विचार आम्ही येथें करीत आहों तो केवळ गुणगौरवासाठीं नाहीं. कझिन्ससाहेबांच्या दप्तरांत काय आलें आणि काय राहून गेलें, याचा चांदवडासारख्या आमच्या गांवांशीं निकटचा संबंध आहे.

कझिन्स यांच्या कामाची भूमिका त्यांच्यापूर्वीं पंचवीसतीस वर्षें तयार होत होती. मुंबईस फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालीं स्थापन झाली. तिच्यांत युरोपियनांच्या बरोबरीनें डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु नारायण दाजी हेही होते. याच सुमारास कंपनी सरकारच्या लक्षांत आलें कीं, जुन्या इमारतींच्या नकला चित्रकाराच्या हातून करवून घेण्यापेक्षां फोटोग्राफ हें साधन स्वस्तही आहे आणि बिनचूकही आहे. १८५५ सालीं कॅप्टन टॉमस बिग्ज यांची मुंबई सरकारनें या कामीं नेमणूक केली, आणि त्यांच्यामागून डॉ. पिगू यांनीं तें चालविलें. त्या काळचें तंत्र मोठें जिकिरीचें होतें. काचेवर रसायन ओतावयाचें, तें ओलें असतांनाच काच कॅमेऱ्यांत घालावयाची, आणि वाळण्यापूर्वीं अंधाऱ्या तंबूंत नेऊन तिच्यावरील चित्र उमटवावयाचें. आमच्या उन्हाळ्यांत या सर्व खटाटोपास कांहीं मिनिटेंच मिळत. काचा, रसायनें, पाणी आणि तंबू हा सारा संसार बरोबर घेतल्यावांचून एकही चित्र निघत नसे.

हीं चित्रें १८६६ सालीं तीन भव्य ग्रंथांच्या रूपानें बाहेर आलीं : एक अहमदाबादच्या, एक विजापूरच्या, आणि एक धारवाड व म्हैसूर प्रांतांच्या शिल्पाविषयीं. त्यांच्या खर्चास प्रेमचंद रायचंद व करसनदास माधवदास या मुंबईच्या शेटजींचा आश्रय होता. पुस्तकांतील प्रत्येक चित्र छापलेलें नसून खरा फोटोग्राफ कागदावर चिकटविलेला होता. अर्थात् अशा ग्रंथाच्या प्रती थोड्या आणि किंमत भारी. तथापि चित्रें निवडून, शेजारीं विवेचन देऊन इतिहास लिहितां येतो, हें या ग्रंथांनीं सिद्ध केलें.

नुसत्या कुंचल्यावर विसंबून राहण्यांत किती धोका आहे, हेंही याच सुमारास अजिंठ्याच्या उदाहरणानें कळून आलें. मेजर रॉबर्ट गिल यांनीं १८४४ पासून वर्षानुवर्षें लेण्यांत राहून तेथील भित्तिचित्रांच्या मोठमोठ्या नकला केल्या. त्यांपैकीं बहुतेक १८६६ सालीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगींत जळाल्या. पुढें जे. जे. कलाशाळेचे ग्रिफिथ्स यांनीं १८७२ पासून आपल्या विद्यार्थ्यांसह पुन्हां नकला केल्या. त्यांतल्याही पुष्कळशा १८८५ सालीं साउथ केन्सिंग्टनच्या आगीच्या भक्ष्यस्थानीं पडल्या. रंगांचें वैभव फोटोग्राफाला त्या काळीं देतां येत नव्हतें, हें खरें. परंतु एका काचेवरून पाहिजे तितक्या प्रती निघूं शकत, आणि त्या दहा ठिकाणीं ठेवितां येत. जी वस्तु दहा ठिकाणीं आहे ती एका आगींत नाहींशी होत नाहीं.

कझिन्स यांना गुरु लाभले ते जेम्स बर्जेस. हे मूळचे स्कॉटलंडचे गणिताचे शिक्षक. मुंबईंत शाळा चालवीत असतां त्यांना लेण्यांचा नाद लागला. १८६९ सालीं शत्रुंजयाच्या देवळांवर आणि १८७१ सालीं घारापुरीच्या लेण्यांवर त्यांनीं फोटोग्राफांसह ग्रंथ काढले. फोटोग्राफ साइक्स व डायर या मुंबईच्या फोटोग्राफर मंडळींचे. निवड, क्रम आणि विवेचन बर्जेस यांचें. १८७२ सालीं त्यांनीं ‘इंडियन अँटिक्वेरी’ हें मासिक सुरू केलें, आणि १८७४ पासून पश्चिम हिंदुस्थानच्या पुरातत्त्व-पाहणीचें काम त्यांच्याकडे आलें. निवृत्त झाल्यावरही त्यांचा छंद सुटला नाहीं. लंडनचें इंडिया ऑफिस, कलकत्त्याचें म्यूझियम इत्यादि ठिकाणच्या संग्रहांतून चित्रें वेंचून त्यांनीं हिंदुस्थानच्या प्राचीन शिल्पाचे दोन मोठे चित्रग्रंथ १८९७ व १९११ या सालीं सिद्ध केले. चित्राला नांव, गांव आणि माप नसेल तर तें शोभेची वस्तु होय, पुरावा नव्हे, ही शिस्त कझिन्स यांनीं या गुरूजवळ घेतली.

हेन्री कझिन्स यांचा जन्म १८५४ चा. १८८१ सालीं, म्हणजे वयाच्या सत्ताविसाव्या वर्षीं, ते बर्जेस यांचे मदतनीस म्हणून पाहणीच्या खात्यांत आले. या वेळेपर्यंत ओल्या काचेचा खटाटोप मागें पडून, आधींच तयार केलेली कोरडी काच प्रचारांत येऊं लागली होती. त्यामुळें दूरदूरच्या डोंगरीं जाऊन चित्रें घेणें व काचा कचेरींत आणून सावकाश धुणें शक्य झालें. कझिन्स नकाशे काढीत, मापें घेत, आणि कॅमेराही चालवीत. विजापूरच्या आदिलशाही इमारतींचा त्यांनीं असा कसून अभ्यास केला कीं, १८८९ सालीं त्या शहराची मार्गदर्शिका आणि १८९० सालीं तेथील अवशेषांवरील टिपणांचा ग्रंथ त्यांच्या नांवानें निघाला. पुढच्याच वर्षीं कोंकणांतील नाडसूर व खडसांबळें येथील लेण्यांचें वर्णन त्यांनीं प्रसिद्ध केलें. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरील हीं लेणीं तोंवर फारशीं कोणाच्या लक्षांत आलेलीं नव्हतीं. १८९१ सालीं ते पश्चिम विभागाचे प्रमुख झाले, आणि १९१० सालीं निवृत्त होईपर्यंत तें काम त्यांच्याकडेच होतें.

या काळांतील त्यांचें सर्वांत कष्टाचें, आणि म्हणूनच सर्वांत कमी वाखाणलेलें, काम म्हणजे याद्यांचें. मुंबई इलाख्यांतील पुराणवस्तूंची यादी बर्जेस यांनीं १८८५ सालीं केली होती. ती कझिन्स यांनीं तपासून, वाढवून १८९७ सालीं पुन्हां काढली. त्याच सालीं मध्यप्रांत व वऱ्हाड यांची यादी, आणि १९०० सालीं निजामाच्या मुलुखाची यादी त्यांच्या हातून बाहेर पडली. वाचकांनीं येथें क्षणभर थांबून नकाशा डोळ्यांपुढें आणावा. पश्चिम महाराष्ट्र, कोंकण व खानदेश इंग्रजांच्या एका इलाख्यांत, विदर्भ दुसऱ्या प्रांतांत आणि मराठवाडा निजामाकडे, अशी मराठी मुलुखाची तीन शकलें झालेलीं असतां, त्या तिन्हींतील देवळें, लेणीं, मशिदी व किल्ले एकाच माणसानें एकाच पद्धतीनें नोंदविले होते. संयुक्त महाराष्ट्राचें राज्य १९६० सालीं झालें. त्याच्या पुराणवस्तूंची मोजदाद त्यापूर्वीं साठ वर्षें कागदावर एकत्र आली होती. राजकारणाचा यांत कांहीं हेतु नव्हता. दप्तर नीट ठेविल्यानें आपोआप घडलेली ही गोष्ट आहे.

याद्यांत प्रत्येक इमारतीपुढें तिचा वर्ग लिहिलेला असे. जी कायम दुरुस्त ठेवावयाची ती पहिल्या वर्गाची. जिची आणखी पडझड किरकोळ उपायांनीं थांबवावयाची ती दुसऱ्या वर्गाची. आणि जी राखणें अशक्य किंवा अनावश्यक ती तिसऱ्या वर्गाची. इमारत सरकारच्या ताब्यांतील कीं खासगी मालकीची, याचाही भेद अक्षरानें दाखविलेला असे. हे वर्ग पाहिले म्हणजे दप्तरदाराच्या हातीं केवढी सत्ता असते तें समजतें. लेखणीच्या एका आंकड्यानें एखाद्या देवळाला पहारेकरी आणि चुना मिळे, आणि दुसऱ्याला पिंपळाच्या मुळ्यांच्या स्वाधीन केलें जाई. चित्रांचेंही तसेंच. खात्याच्या वार्षिक अहवालांत त्या वर्षीं काढलेल्या छायाचित्रांची यादी गांवांच्या नांवांसह देण्याची वहिवाट होती. जें गांव त्या यादींत आलें त्याला अभ्यासकांच्या जगांत अस्तित्व मिळालें; जें आलें नाहीं त्याची आठवण ठेवण्याचें ओझें त्याच्या स्वतःच्याच खांद्यावर राहिलें.

१९१० सालीं छपन्नाव्या वर्षीं कझिन्स निवृत्त झाले. सामान्यतः येथें नोकरदाराच्या चरित्राचा शेवट होतो. कझिन्स यांच्या बाबतींत मात्र चित्रसंपादकाचें खरें काम येथून पुढेंच दिसूं लागतें. तीस वर्षें सांचलेल्या काचा, नकाशे आणि टिपणें यांतून निवड करीत त्यांनीं विजापूरवरील मोठा ग्रंथ १९१६ सालीं, कानडी जिल्ह्यांतील चालुक्यशिल्पावरचा १९२६ सालीं, सिंधच्या पुराणवस्तूंवरचा १९२९ सालीं, आणि सोमनाथ व काठेवाडांतील मध्ययुगीन देवळें यांवरचा व दख्खनच्या मध्ययुगीन देवळांवरचा असे दोन ग्रंथ १९३१ सालीं प्रसिद्ध केले. शेवटचे दोन निघाले तेव्हां त्यांचें वय सत्याहत्तर वर्षांचें होतें. १९३३ सालीं ते वारले. विजापूरची पहिली छोटी मार्गदर्शिका आणि विजापूरचा मोठा ग्रंथ यांत सत्तावीस वर्षांचें अंतर आहे. घाई हा शब्द या माणसाच्या कोशांत नव्हता.

यांपैकीं शेवटचा ग्रंथ आम्हां मराठी वाचकांच्या विशेष जिव्हाळ्याचा आहे. अंबरनाथ, बलसाणें, सिन्नर, झोडगें अशा ठिकाणचीं देवळें त्यांत क्रमानें मांडलीं आहेत. चांदवडावरून जाणाऱ्या मुंबई-आग्रा रस्त्यानेंच मालेगांव ओलांडून पुढें गेलें म्हणजे झोडगें लागतें. तेथील माणकेश्वराचें देऊळ वाटेवरून जाणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या पाहत आले होते. तथापि झोडग्याचें चित्र सिन्नरच्या चित्राशेजारीं आणि सिन्नरचें अंबरनाथाच्या शेजारीं येऊन बसलें, तेव्हां तीं एका घराण्याचीं भावंडें आहेत हें नुसत्या डोळ्यांना दिसूं लागलें. चुन्यावांचून दगडावर दगड रचलेलें कोणतेंही जुनें देऊळ आपण सरसकट हेमाडपंती म्हणतों. परंतु हेमाडपंत तेराव्या शतकांतले, आणि अंबरनाथचा शिलालेख १०६० चा. म्हणजे ही बांधणी पंतांच्या दोनशें वर्षें आधींपासून या भूमींत रुळलेली होती. लोकांच्या मनांत पक्की बसलेली ही समजूत दूर करण्यास दहा पानांच्या वादविवादापेक्षां शेजारींशेजारीं ठेविलेलीं तीन चित्रें अधिक उपयोगी पडतात. मांडणी हाच येथें युक्तिवाद होय.

सोमनाथाचें उदाहरण याहून बोलकें आहे. समुद्रकांठचें तें भग्न देऊळ कझिन्स यांनीं पाहिलें, मोजलें आणि चित्रांत नोंदविलें. नवें मंदिर उभारण्यासाठीं १९५० सालीं ते जुने अवशेष काढण्यांत आले, आणि १९५१ सालीं नव्या मंदिरांत प्राणप्रतिष्ठा झाली. जुन्या भिंती, खांब व घुमट आतां जागेवर नाहींत. ते कसे होते हें पाहावयाचें तर १९३१ च्या या ग्रंथाचीं पानें उलटावीं लागतात. त्याच सोमनाथाशीं अहिल्याबाई होळकरांचें नांव निगडित आहे. जुन्या देवळाची दशा पाहून त्यांनीं जवळच १७८३ सालीं नवें देऊळ बांधविलें. अहिल्याबाईंनीं दगडांत जें केलें, तें कझिन्स यांनीं काचेवर केलें, असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. तथापि नष्ट होऊं पाहणाऱ्या वस्तूला दुसरें ठिकाण मिळवून देणें, हा हेतु दोघांच्याही कामांत होता एवढें खास.

या खात्यांतून आमचीही माणसें तयार झालीं. सर रामकृष्णपंत भांडारकरांचे चिरंजीव देवदत्त भांडारकर हे कझिन्स यांच्या हाताखालीं मदतनीस होते, आणि १९११ सालीं त्यांच्या जागीं पश्चिम विभागाचे प्रमुख झाले. त्र्यंबकेश्वरीं १८७० सालीं जन्मलेले धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके यांनीं १९०३ सालीं पुरातत्त्व खात्यांत छायाचित्रकार व नकाशाकार म्हणून नोकरी धरली. पश्चिम विभागाची सूत्रें त्या वेळीं कझिन्स यांच्याकडे होतीं. फाळके लवकरच नोकरी सोडून ठसे करण्याच्या व चित्रें छापण्याच्या धंद्यांत पडले, आणि १९१३ सालीं ‘राजा हरिश्चंद्र’ हा बोलपट नव्हे, मूकपट, त्यांनीं लोकांपुढें आणला. पौराणिक देखावे उभारणाऱ्या या नाशिक जिल्ह्याच्या पुत्रानें जुन्या देवळांचे खांब व मूर्ति नोकरीच्या निमित्तानें कॅमेऱ्यांतून पाहिल्या होत्या, ही गोष्ट आम्हांस अर्थपूर्ण वाटते.

येथवर गुणांचें वर्णन झालें. आतां मर्यादा सांगितली पाहिजे. कारण तिची झळ आम्हांस अजून लागते. कझिन्स यांच्या मोठ्या पांच ग्रंथांचीं नांवें पुन्हां आठवावीं : आदिलशाही इमारती, चालुक्य देवळें, सिंध, काठेवाड आणि यादवकालीन दख्खन. मराठ्यांच्या अमदानींतील वाडे, घाट, छत्र्या, बारवा आणि भित्तिचित्रें यांना वाहिलेला एकही ग्रंथ त्यांत नाहीं. हा एकट्या कझिन्स यांचा दोष नव्हे. जेम्स फर्ग्युसन यांच्यासारख्या पंडितांनीं त्या काळीं असा सिद्धांत बसविला होता कीं, हिंदुस्थानचें शिल्प जसजसें अलीकडे यावें तसतसें उतरतें होत गेलें. हा चष्मा डोळ्यांवर असल्यावर अठराव्या शतकांतील लाकडी वाड्याकडे कोण पाहणार? शिवाय ज्यांचें राज्य १८१८ सालीं घेतलें, त्यांच्या वैभवाचीं चित्रें आस्थेनें जमविण्याची निकड राज्य घेणारांस वाटावी, अशी अपेक्षा करणेंही भोळेपणाचें आहे. मराठा शिल्पाचा पद्धतशीर विचार करणारा प्रा. म. श्री. माटे यांचा इंग्रजी ग्रंथ पुणें विद्यापीठानें १९५९ सालीं काढला. तोंपर्यंत कित्येक वाडे जळून, पडून किंवा विकले जाऊन नाहींसे झाले होते.

चांदवड हें या मर्यादेचें उत्तम उदाहरण आहे. यादवांच्या ताम्रपटांत ज्या चंद्रादित्यपुराचा उल्लेख येतो, आणि जें त्या वंशाच्या दृढप्रहार या मूळपुरुषाचें ठाणें होतें, तें हेंच असें विद्वान मानतात. डोंगरांत कोरलेलें जैन लेणें येथें आहे, रेणुकादेवीचें स्थान आहे, वर किल्ला आहे. पुढें होळकरांच्या काळांत गांवाला नवें तेज आलें. १८०४ सालीं कर्नल वॉलेस यानें किल्ला होळकरांकडून घेतला, नंतर तो परत गेला, आणि १८१८ सालीं कायमचा इंग्रजांच्या हातीं पडला. त्या होळकरशाहीची खूण म्हणजे येथील रंगमहाल. त्याचे कोरीव लांकडी खांब आणि भिंतींवरील रंगीत चित्रें पाहण्यास आजही लोक येतात. यादवांच्या दोन नगरांपैकीं सिन्नरचें देऊळ कझिन्स यांच्या ग्रंथांत मानानें विराजमान झालें. चांदवडच्या रंगमहालाला मात्र तसा चित्रसंपादक त्या काळांत लाभला नाहीं. त्याचा परिणाम काय होतो? भिंतीवरचें एखादें चित्र पुसट झालें, एखादा खांब बदलावा लागला, कीं मूळ रंग कोणता, मूळ नक्षी कशी, हा प्रश्न उभा राहतो. आणि उत्तरासाठीं उघडावयाचें जुनें पान हातांशीं नसतें. देवळाच्या दुरुस्तीला शास्त्राचा आधार लागतो, तसा वाड्याच्या दुरुस्तीला चित्राचा आधार लागतो. तो नसेल तर कारागीर आपल्या अंदाजानें काम करितो, आणि दोन पिढ्यांनंतर तो अंदाजच इतिहास म्हणून सांगितला जातो.

आणखी एक उणीव त्या काळच्या पुरातत्त्व-चित्रांत एकंदरीनेंच दिसते. कित्येक चित्रांत देवळाच्या पायरीशीं किंवा खांबाजवळ एखादा माणूस उभा केलेला असतो. उंचीचा अंदाज यावा हा त्याचा उपयोग. देवळाचें नांव चित्राखालीं असतें, गांवाचें असतें. त्या माणसाचें नसतें. तो त्या गांवचा गुरव असेल, पाटील असेल, कदाचित् ओझें वाहून आणणारा बिगारी असेल. मोजपट्टी म्हणून तो इतिहासांत आला आणि मोजपट्टी म्हणूनच राहिला.

हे दोष दाखविण्यांत कझिन्स यांना उणेपणा आणण्याचा आमचा हेतु नाहीं. उलट त्यांच्याच शिस्तीनें त्यांची मर्यादा आम्हांस दिसूं शकते. त्यांनीं याद्या नीट लिहिल्या म्हणून त्यांत काय नाहीं तें आज बोट ठेवून सांगतां येतें. ज्यानें कांहींच लिहून ठेविलें नाहीं त्याची चूकही शोधतां येत नाहीं. कझिन्स यांच्या व त्यांच्या सहकाऱ्यांच्या छायाचित्रांचा मोठा संग्रह आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींत आहे, आणि आमचे विद्यार्थी तेथील चित्रें घरबसल्या पाहूं शकतात. परक्या शहरांत आपल्या गांवचें देऊळ शोधावें लागतें याचें वाईट वाटणें स्वाभाविक आहे. परंतु त्याहून अधिक वाईट वाटावें अशी गोष्ट आपल्या घरांत आहे.

ती ही कीं, जें काम सरकारी खात्यानें केलें नाहीं तें करण्याचीं साधनें गेल्या शंभर वर्षांत आमच्या घराघरांत आलीं, तरी दप्तरदाराची वृत्ति आली नाहीं. चांदवड, येवलें, मनमाड, लासलगांव अशा गांवांतील किती तरी घरीं जुन्या पेटींत फोटोग्राफ पडलेले असतात. लग्नाच्या चित्रांत पाठीमागें वाड्याचा दरवाजा असतो; मुंजीच्या चित्रांत चौकांतील खांबांची ओळ असते; यात्रेच्या चित्रांत देवीच्या पायऱ्या असतात. घरच्यांना त्यांत आजोबा दिसतात; इतिहासाच्या अभ्यासकाला त्यांत तो दरवाजा, ते खांब आणि त्या पायऱ्या दिसतात. पण मागच्या बाजूस नांव नाहीं, गांव नाहीं, साल नाहीं. आजोबांना ओळखणारी शेवटची आत्या गेली म्हणजे तें चित्र मुकें होतें, आणि पुढच्या साफसफाईंत तें रद्दींत जातें. मोबाइलच्या दिवसांत तर एकेका समारंभाचीं शेंकडों चित्रें निघतात. निवड नाहीं, नोंद नाहीं, आणि यंत्र बिघडलें कीं सगळींच एकदम नाहींशीं होतात. अजिंठ्याच्या नकला जळाल्या त्यापेक्षां हें निराळें नाहीं. फक्त येथें धूर दिसत नाहीं.

यास उपाय अगदीं साधा आहे, आणि तो कझिन्स यांच्या याद्यांतूनच घेतां येतो. चित्राच्या पाठीमागें शिसपेन्सिलीनें स्थळ, साल आणि दिसणाऱ्या माणसांचीं नांवें लिहावीं. शाईनें लिहूं नये, कारण ती पुढें उमटते. शंभर चित्रांतून दहा निवडून त्यांच्या प्रती निदान दोन ठिकाणीं ठेवाव्या. घरांतील वडीलधाऱ्यांस जवळ बसवून, हें कोण, हें कोठें, असें विचारून घ्यावें, आणि तें आजच घ्यावें. गांवच्या वाचनालयानें एक वही घालून कोणत्या घरीं कोणत्या जागेचें जुनें चित्र आहे एवढी नोंद जरी ठेविली, तरी रंगमहालासारख्या वास्तूची दुरुस्ती करणारांस तिचा मोठा आधार होईल. याला पदवी लागत नाहीं, अनुदान लागत नाहीं. एका सुटीचा वेळ आणि थोडी सबुरी लागते. शाळांतील इतिहासाच्या शिक्षकांनीं मुलांकडून ही एवढी वही करवून घेतली, तर सनावळ्या पाठ करून घेण्यापेक्षां तिचा उपयोग निश्चित जास्त होईल.

कझिन्स परके होते, परक्या सरकारचे नोकर होते, आणि त्यांच्या दृष्टीला त्यांच्या काळाच्या मर्यादा होत्या. तरी तीस वर्षें हिंडून आणि पुढें वीस वर्षें निवडून त्यांनीं आमच्या देवळांचें दप्तर लावून दिलें. आमच्या वाड्यांचें, गल्ल्यांचें आणि माणसांचें दप्तर अजून लावावयाचें आहे. तें लावावयास बाहेरून कोणी येणार नाहीं, आणि येण्याची वाट पाहण्याइतका वेळही त्या भिंतींवरच्या रंगांजवळ उरलेला नाहीं.